नाणेफेकीचा शब्द

अलाबामातल्या टॉलिव्हर कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर यजमान संघानं नाणेफेक जिंकली की कप्तान पंचाला एकच शब्द सांगतो : ‘मारू.’ म्हणजे चेंडू तुम्हीच घ्या. आम्ही किक मारून तो तुमच्या हवाली करतो, मग बघू त्याचं तुम्ही काय करता ते. हा शब्द कप्तानाच्या ओठांवरून सुटायच्या आधीच साऱ्या स्टँडमधून सुटलेला असतो. ढोल घुमतात, ट्रॉम्बोनची पितळी नळकांडी एकदम आभाळाकडे वळतात, आणि नदीपलीकडच्या कापसाच्या शेतांतून तो शब्द थोडा झिजून, थोडा शहाणा होऊन परत येतो.

क्लिफ्टन यारब्रो हा टॉलिव्हरचा नववा मुख्य कोच. आपल्या आधीच्या चौघांना या शब्दानं गिळलं, हे तो जाणून होता. गेल्या वर्षी, त्याच्या पहिल्याच मोसमात, आणि यंदाही आजवर, घरच्या मैदानावरची एकही नाणेफेक टॉलिव्हरनं जिंकली नाही, आणि त्यामुळे निर्णयाची वेळच त्याच्यावर आली नाही. नाण्यानं वाचवलं. पण नाण्याच्या आडोशानं कोणी किती वर्षं उभं राहायचं? या शनिवारी मॅकेल्वी कॉलेजशी सामना होता. माजी विद्यार्थी गावी परतण्याचा तो दिवस. सामन्यानंतरच्या सोमवारी कॉलेजचे विश्वस्त बसणार होते, आणि त्यांच्यासमोर विषय एकच होता : यारब्रोला ठेवायचं की दहावा शोधायचा.

गुरुवारी दुपारी तो ओथा बेलच्या दुकानात केस कापायला बसला. गळ्याभोवती कापड बांधलेला माणूस जगात कोणाशीच वाद घालू शकत नाही, आणि कॅल्डर लँडिंग या गावातली माणसं आपल्या कोचला गाठायची ती नेमकी इथंच.

“शनिवारी नाणं पडलं तुझ्या बाजूनं, तर?” ओथानं कानामागून वस्तरा फिरवता फिरवता विचारलं.

“तर पडलं.”

“हे बघा!” मागच्या बाकावर बसलेले ल्यूशस काका म्हणाले. ते पोस्टातून निवृत्त झालेले. त्यानंतर ते गावातल्या बातम्या बिनतिकिटाच्या वाटत. “विद्यापीठांतून शिकून आला, आणि बोलतोय म्हशीसारखा. अरे, तुझा कप्तान काय म्हणणार ते विचारतोय तो.”

“कप्तान काय म्हणतो ते शनिवारी कळेल, काका.”

“सॅम्पल पण असंच म्हणायचा,” ओथा म्हणाला.

“कोण, उद्या-कोच?” काका असे हसले की त्यांना खोकला आला.

दुकानातल्या सगळ्यांना हा इतिहास पाठ होता, आणि म्हणूनच तो पुन्हा सांगायला हवा होता. टॉलिव्हरचे पहिले तीन कोच म्हणजे एक पाद्री, एक शेतकीचा मास्तर आणि एक असा गृहस्थ, ज्याच्याबद्दल तो उंच होता एवढंच लोकांना आठवतं. त्यांच्यानंतर एझ्रा पेटवे आले आणि पस्तीस वर्षं राहिले. गावात कोच पुष्कळ होऊन गेले, पण नुसतं ‘कोच’ म्हटलं की ते पेटवेच. बाकीच्यांना मागं आडनावाची शेपटी : कोच ग्रेव्ह्ज, कोच सॅम्पल, कोच फाँटेन, कोच टीग. ‘मारू’ हा शब्द पेटवेंचा. त्यांच्या संघाचा बचाव असा होता की चेंडू हाती आला की समोरच्या पोरांच्या तोंडचं पाणी पळे. त्यांना चेंडू देणं हे दान नव्हतं. ती धमकी होती.

पुढं नियमांत एक पळवाट आली. नाणं जिंकणाऱ्यानं ‘नंतर’ म्हटलं तर त्याचा हक्क मध्यंतरानंतरसाठी राखून ठेवला जातो. सुरुवातीला चेंडू दुसऱ्याला, मध्यंतरानंतर आपल्याला. ‘मारू’ म्हणणाऱ्याचा हक्क मात्र तिथल्या तिथं खर्ची पडतो. मध्यंतरानंतर निवड समोरच्याची, आणि समोरचा काही खुळा नसतो. तो दुसऱ्यांदाही चेंडूच मागतो. म्हणजे एका शब्दाच्या फरकानं आपण दोन्ही वेळा रिकाम्या हातानं उभे. पेटवेंना याची फिकीर नव्हती. फिकीर त्यांच्यामागून येणाऱ्यांच्या वाट्याला आली.

“ग्रेव्ह्ज बिचारा श्रद्धाळू,” ओथा सांगू लागला. “कोचचाच चेला. प्रार्थनेसारखा ‘मारू’ म्हणायचा, आणि प्रार्थनेसारखाच हरायचा.”

“मग सॅम्पल,” काका म्हणाले. “तो आला तोच म्हणाला, ‘नंतर’ म्हणा. शास्त्र आहे म्हणे. माझी बायको, देव तिला शांती देवो, चर्चमध्ये कधी आवाज चढवला नाही तिनं. त्या दिवशी तिनं हातातलं मक्याचं कणीस फेकून मारलं त्याला.”

“लागलं?”

“तीन रांगा पुढच्या एका दाताच्या डॉक्टरला लागलं. पण भावना पोचली.”

हशा पिकला. क्लिफ्टनही हसला; वस्तरा क्षणभर थांबला.

“आणि फाँटेन?” आरशातून ओथाकडे बघत क्लिफ्टननंच विचारलं, कारण ती गोष्ट त्याला विनोदी कधीच वाटली नव्हती.

फाँटेन हुशार होता. त्यानं कप्तानाला पढवलं : पंचाच्या कानात हळूच ‘नंतर’ म्हण, मग वळून स्टँडकडे बघत ‘मारू’ ओरड. शास्त्रही राहील, गावही राहील. दोन मोसम चाललं. तिसऱ्यात एक पंच आला, त्याचा एक कान अधू. कुजबूज त्याच्यापर्यंत पोचलीच नाही. आरोळी पोचली. त्यानं कमरेच्या माइकवरून साऱ्या मैदानाला सांगितलं की टॉलिव्हरनं किक मारणं पसंत केलं आहे. फाँटेन कडेला उड्या मारत राहिला, पण उच्चारलेला शब्द परत घ्यायला नियमात जागा नव्हती. दोन्ही वेळा चेंडू पाहुण्यांना. सामना तीन गुणांनी गेला, आणि हरल्यापेक्षाही वाईट म्हणजे कुजबूज उघडी पडली. टीगनं मग तिसरीच वाट धरली : चेंडू नको, किक नको, आम्हाला उत्तरेकडची बाजू हवी, वारा तिकडून आहे. ढोलवाल्यांना वाऱ्यावर कुठला ताल धरायचा ते कळेना. त्या शांततेतच टीगची नोकरी गेली, असं म्हणतात.

“तर अशी गत आहे,” ल्यूशस काकांनी समारोप केला. “धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आम्हाला काय, आम्ही स्टँडमधले. पण पोरा, तू कप्तान होतास तेव्हा मी ऐकलंय तुला. काय आवाज होता! काचा थरथरल्या होत्या.”

क्लिफ्टननं आरशात पाहिलं. तो आवाज ज्या गळ्यातून आला होता तो आता पांढऱ्या कापडात बांधलेला होता.

तिथून तो थेट पेटवेंच्या घरी गेला. नदीकडेच्या रस्त्यावर अक्रोडासारख्या पेकनच्या झाडांत ते घर होतं, आणि ऑक्टोबरची उन्हं झाडांतून उतरताना जणू प्रत्येक पानापाशी थोडी रेंगाळत होती. पेटवे ओसरीवर, चाकांच्या खुर्चीत. अठ्ठ्याऐंशी वर्षांचं ते शरीर आता एखाद्या रिकाम्या स्टेडियमसारखं दिसे : सगळं जागच्या जागी, फक्त गर्दी निघून गेलेली. डोळ्यांत मात्र दिवे चालू होते.

“बस. गोड चहा आहे त्या जगमध्ये. मला मनाई आहे. तू पी आणि मला कसा आहे सांग.”

“फारच गोड आहे, कोच.”

“सुखी आहेस. बोल, काय काढलंस?”

क्लिफ्टननं येताना गाडीत वाक्यं जुळवली होती. ती त्यानं तशीच मांडली. संघ चांगला आहे, पण मॅकेल्वीला दोनदा चेंडू देण्याइतका चांगला नाही. शनिवारी कप्तान ‘नंतर’ म्हणेल. पण त्याआधी कोचनी, म्हणजे तुम्ही, दोन शब्द बोलावेत. चर्चच्या नाश्त्याला, रेडिओवर, कुठंही. तुम्ही मोकळं केलंत तर गाव मोकळं करील.

पेटवेंनी खुर्ची नदीकडे वळवली.

“म्हणजे ढाल हवी तुला. चाकं लावलेली.”

“तसं नाही...”

“तसंच आहे. लाजू नकोस, ढाल मागण्यात पाप नाही. पण माणूस चुकतोयस. तो शब्द माझा आहे असं तुला कोणी सांगितलं?”

“साऱ्या गावाला ठाऊक आहे.”

“गावाला हेही ठाऊक आहे की मी एकदा मगर हातानं पकडली होती. पकडली नव्हती.” म्हातारा पुढं वाकला. “ऐक. तेव्हा या राज्यात आपल्या काळ्या पोराला खेळायला दुसरं मैदान होतं कुठं? मोठ्या विद्यापीठांची दारं बंद. अख्ख्या अलाबामातला सगळ्यात दांडगा, सगळ्यात चपळ पोरगा शेवटी माझ्याकडंच यायचा, कारण जायला जागा नव्हती. तसली अकरा पोरं मैदानात उभी केली की मी ‘मारू’ म्हटलं काय आणि ‘आमेन’ म्हटलं काय. पुढं दारं उघडली. देवाशपथ, मला आनंद झाला; माझ्याच दोन पोरांचे हात धरून मी त्या दारातून आत सोडलं त्यांना. चांगली पोरं त्या दारानं गेली. शब्द मागं राहिला. सुंभ जळाला तरी पीळ राहतो ना, तसा.”

“मग हे तुम्ही लोकांना सांगा ना.”

“काय सांगू? की तुम्ही तीस वर्षं ज्यासाठी घसे फोडलेत ती राख आहे? त्यांच्यापाशी आमच्या दिवसांतलं उरलंय काय? जुना जिम पाडला. वसतिगृह पाडलं. तेवढा एक शब्द उभा आहे.” त्यांनी ब्लँकेट गुडघ्यांवर ओढलं. “तो मोडायचा असेल तर तू मोड. ठेवायचा असेल तर तू ठेव. पण माझ्या तोंडानं नको. मी काय करायचं ते विचारायला कुणाच्या ओसरीवर गेलो नव्हतो.”

क्लिफ्टनला वाटलं होतं, राग येईल. आला नाही. उलट काहीतरी सैल झालं, घट्ट बुटाची नाडी सुटावी तसं. हा माणूस देवळातली मूर्ती नव्हता आणि मालकही नव्हता. फक्त त्याच्या आधीचा कोच होता, आणि आपल्या आधी कोणीतरी असतंच.

“चहा खरंच फार गोड आहे,” उठताना तो म्हणाला.

“पुन्हा सांगितलंस. कृपा झाली.”

शुक्रवारी सकाळी क्लिफ्टन आणि मेनेफी मॅकेल्वीच्या सामन्यांचं चित्रण बघत बसले. रूडी मेनेफी बचावाचा प्रशिक्षक. पेटवेंपासून टीगपर्यंत सगळ्यांच्या हाताखाली राहिलेला, आणि प्रत्येक नव्या कोचला आठवडाभरात ‘पोरा’ म्हणू लागणारा. टेबलावर पावासारख्या मऊ बिस्किटांचं भांडं आणि सॉसेजची रश्शी होती. पडद्यावर मॅकेल्वीचे खेळाडू किक झेलायला उभे होते.

“थांबव,” क्लिफ्टन म्हणाला. “मागं घे. पुन्हा.”

“काय दिसलं?”

“त्यांची पुढची रांग बघ. चेंडूला पाय लागायच्या आधीच पाठ फिरवतात. मागं पळतात, चेंडू झेलणाऱ्याला वाट करून द्यायला.”

“सगळेच फिरवतात पाठ. किक लांबच जाणार हे धरून चालतात.”

“सगळे थोडी उशिरा फिरवतात. हे आधी फिरवतात. अजून एकदा लाव.”

पाच जण, लाल जर्सी, पाच पाठी. क्लिफ्टन ते दृश्य पुन्हा पुन्हा बघत राहिला. त्याला वाटलं, चेंडू आपलाच आहे याची खात्री माणसाच्या पाठीत दिसते. खांद्यांतला सावधपणा गळून जातो, मान उघडी पडते.

“मेनेफी, किकचा चेंडू दहा यार्ड गेला की तो कोणाचा?”

“कोणाचाच नाही. झडप घालील त्याचा.” मेनेफीचं बिस्किट रश्शीतच राहिलं. “नाही हं. नाही, पोरा. आखूड किक? ती बुडत्याची काडी आहे. दोन मिनिटं उरली, सामना हातचा गेला, की माणूस आखूड मारतो. सगळं स्टेडियम ओळखतं, समोरचे छाती काढून उभे असतात.”

“म्हणूनच. बुडत असताना मारली तर छाती काढून उभे राहतात. मध्यंतरानंतर, पहिल्याच चेंडूला, दुसऱ्यांदा फुकट चेंडू मिळतोय म्हणून हसत मैदानात येतील, तेव्हा?”

मेनेफीनं बिस्किट काढलं. ते विरघळलं होतं. “चुकली तर चेंडू त्यांना आपल्या दारात मिळतो. सोमवारी विश्वस्तांना माझं नाव सांगू नकोस.”

“सांगणार नाही. चुकली तर ती माझी.”

दुपारच्या सरावात कप्तान जाबारी ओट्सला त्यानं बाजूला घेतलं. ओट्स मधल्या फळीचा दादा, धर्मशास्त्राचा विद्यार्थी. समोरच्याला जमिनीवर पाडून वर ‘देव तुझं भलं करो’ म्हणणारा. सगळं ऐकून घेतल्यावर त्याचा चेहरा उतरला.

“कोच यारब्रो, सर, राग मानू नका. माझे आजोबा साठ साली इथं ‘मारू’ म्हणालेत. उद्या ते स्टँडमध्ये असतील. मी तो शब्द म्हणायचा, आणि मग चोरासारखं आखूड मारायचं? हे फाँटेनचंच झालं की. तोंडात एक, पोटात एक.”

टोला नेमका लागला. मैदानाच्या कडेला पाणी मारलं जात होतं, आणि गवताचा वास उन्हाच्या उलट दिशेनं वर येत होता.

“फाँटेननं काय केलं? पंचाला एक सांगितलं, गावाला दुसरं. बरोबर?”

“हो, सर.”

“तू पंचाला काय सांगणार?”

“मारू.”

“गावाला?”

“मारू.”

“आणि आपण काय करणार?”

ओट्सनं हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं.

“मारणारच ना? साठ साली तुझ्या आजोबांनी ‘मारू’ म्हटलं तेव्हा किती लांब, ते सांगितलं होतं का?”

ओट्सच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उजाडलं; मग त्यानं ते पाद्र्याला शोभेलशा गांभीर्यानं झाकायचा प्रयत्न केला. “नाही, सर. अंतराचा उल्लेख नाही.”

“मग चेंडूवर पहिली झडप तुझी. जा.”

शनिवार उजाडला तोच धुरात. पहाटेपासून मैदानाभोवती लोखंडी पिंपांवर डुकराच्या बरगड्या भाजल्या जात होत्या. डेट्रॉइटहून, अटलांटाहून, ह्यूस्टनहून परतलेली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून एकमेकांच्या पोटांची चेष्टा करत होती. पेटवेंची खुर्ची नेहमीच्या जागी, मधल्या रेषेसमोर, जाळीला लागून. क्लिफ्टन त्यांच्याकडे गेला नाही. टाळून नव्हे, त्याला कामं होती.

पाहुण्यांच्या कप्तानानं ‘काटा’ मागितला. नाणं चमकत वर गेलं, गवतात पडलं. पंच वाकला. छापा.

वीस हजार माणसं उभी राहिली. एका श्वासापुरती अशी शांतता, की क्लिफ्टनला ढोलवाल्याच्या टिपऱ्या एकमेकींना लागल्याचा आवाज आला. मग जाबारी ओट्सनं छाती भरून घेतली आणि शब्द सुटला. त्याच्या तोंडून, त्याच्या आजोबांच्या तोंडून, त्या दाताच्या डॉक्टरच्या तोंडून. क्लिफ्टनच्याही तोंडून, त्यानं ठरवलं नव्हतं, पण गळ्याला कोणी विचारतं का? ‘मारू!’ ट्रॉम्बोन उसळले. मागं कुठंतरी ल्यूशस काका बहुतेक रडत असावेत.

“थँक्यू,” मॅकेल्वीचा कप्तान हस्तांदोलन करताना म्हणाला. “आता एकदा आणि मग एकदा. फारच उदार आहात बुवा तुम्ही.”

“देव तुझं भलं करो,” ओट्स म्हणाला.

पहिली किक लांब गेली, अगदी पेटवेंच्या दिवसांतल्यासारखी. मेनेफीच्या पोरांनी दात-ओठ खाऊन खिंड लढवली. मध्यंतराला मॅकेल्वी दहा, टॉलिव्हर सात. फक्त तीन गुणांनी मागं. बाकावर बसलेल्या पोरांना क्लिफ्टननं भाषण दिलं नाही. तो एवढंच म्हणाला : “ते बाहेर येतील तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघू नका. पाठीकडे बघा.”

मॅकेल्वीनं अर्थातच चेंडू मागितला. त्यांची पोरं रमतगमत आली, कोणी हेल्मेटचा पट्टा आवळत, कोणी स्टँडमधल्या मुलीला हात करत. किक मारणारा चार पावलं मागं गेला, नेहमीइतकीच. धावला, नेहमीसारखाच. पुढच्या रांगेनं पाठ फिरवली.

चेंडू टुणकन वर उडाला, गवतावर आपटला, आपल्या लंबगोल लहरीपणानं डावीकडे झेपावला आणि मग जणू विचार बदलून सरळ गेला. आठ यार्ड. नऊ. स्टँडमधून एक दीर्घ, दुखरा ‘अरेरे’ उमटला. सगळ्यांना वाटलं किक फसली, पाय घसरला. टॉलिव्हरच्या नशिबात आणखी काय असणार! लाल जर्सीतल्या एकानं तो ‘अरेरे’ ऐकून मान वळवली. एवढ्यात चेंडू दहाची रेघ ओलांडून गेला होता. आता तो कोणाचाच नव्हता. दोन श्वासांपुरता तो जगातल्या सगळ्या अनाथ वस्तूंसारखा मैदानाच्या मध्यावर डुगडुगत राहिला, आणि मग जाबारी ओट्स त्याच्यावर असा पडला की हिरवळीवर खड्डाच पडला.

पंचानं हात उचलून दिशा दाखवली. टॉलिव्हर.

कोणी ओरडलं नाही. कशासाठी ओरडायचं हेच कोणाला कळेना. त्या चमत्कारिक शांततेत क्लिफ्टनला आपल्या आधीचे सगळे जण आठवले : ग्रेव्ह्जची श्रद्धा, सॅम्पलचं शास्त्र, फाँटेनची कुजबूज, टीगचा वारा. एकही अगदीच चुकीचा नव्हता. प्रत्येकानं एकेक भिंत चाचपून पाहिली होती, म्हणून तर दार कुठल्या भिंतीत नाही ते त्याला कळलं. मग ढोलवाल्यांपैकी कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला आणि त्यानं टिपरी हाणली. एक ठोका. ‘मारू’चाच ठोका. दुसरा. आणि मग सारं स्टँड कोसळल्यासारखं ओरडलं.

त्याच चढाईत टॉलिव्हरनं आघाडी घेतली. पुढचा सामना सोपा मुळीच नव्हता. मॅकेल्वी संतापून खेळले, दोनदा पुढं गेले, दोनदा मागं खेचले गेले. शेवटी टॉलिव्हर चार गुणांनी जिंकलं. विश्वस्तांचे अध्यक्ष जाळीपाशी येऊन क्लिफ्टनचा हात इतका वेळ हलवत राहिले, की सोमवारच्या बैठकीत चर्चेला फारसं काही उरलं नसावं.

ऊन कलल्यावर मेनेफीनं पेटवेंची खुर्ची ढकलत पिंपांपाशी आणली. क्लिफ्टन एका हातात बरगडी धरून उभा होता, शर्टावर सॉस.

“मेनेफी म्हणतो, ती फसलेली किक नव्हती,” पेटवे म्हणाले.

“नव्हती, कोच.”

“मला वाटलं फसली. मी तुझ्या आईवरून काहीतरी बोललो. माफ कर.”

“ती असती तर तीही बोलली असती.”

म्हातारा हसला नाही. तो क्लिफ्टनकडे अशा नजरेनं बघत होता, जशी नजर त्यानं आयुष्यभर फक्त समोरच्या संघाच्या कोचवर रोखली असेल : मोजणारी, भुकेली, थोडी मत्सरी. क्लिफ्टननं ती ओळखली, आणि त्याला वाटलं की कुठल्याही पाठीवरच्या थापेपेक्षा ही नजर जड आहे.

“एकदा चाललं. आता हे चित्रण सगळ्यांकडे जाणार. पुढच्या खेपेला कोणी पाठ फिरवणार नाही. रेघेला नाक लावून उभे राहतील.”

“उभे राहोत.”

“रेघेला चिकटले की मागं मैदान मोकळं पडेल.”

“पडेल खरं.”

“म्हणजे तू त्यांच्या डोक्यावरून लांब...” पेटवे थांबले. बोटं खुर्चीच्या हातावर वाजू लागली. “का त्यांना वाटेल तू लांब मारणार, आणि तू... क्लिफ्टन, तीन आठवड्यांनी पुन्हा सामना आहे इथं. ‘मारू’ म्हटल्यावर काय करणार तू?”

मेनेफीनं श्वास रोखला. ओट्स कागदी ताटली घेऊन जवळ आला होता, तोही तिथंच थबकला. पस्तीस वर्षं ज्याला सगळ्यांनी विचारलं त्यानं आज पहिल्यांदा कोणाला तरी विचारलं होतं.

क्लिफ्टननं बरगडीवरचा शेवटचा घास तोडला, नीट चावला, बोटं पुसली.

“ते जाळीपाशी बसून बघा, कोच,” तो मायेनं म्हणाला, आणि त्यांच्यासाठी एक बरगडी काढायला पिंपाकडे वळला.